मधुमेहाला उंबरठ्यावरच अडवू या

शेतातल्या विहिरीवर मोट चालत होती, पहाटे घराघरांतून जात्याची घरघर ऐकू येत होती आणि तालुक्याच्या गावी जायचे तर निम्मी वाट पायीच तुडवावी लागत होती, तो काळ फार जुना झालेला नाही. आज साठी ओलांडलेल्या अनेकांनी तो आपल्या बालपणी पाहिला आहे. त्यानंतर खेडोपाडी विजेचे पंप आले, पिठाच्या गिरण्या आल्या, नळाचे पाणी आले, पक्के रस्ते आणि मोटारसायकली आल्या. विकासाच्या या साधनांनी माणसाचे, विशेषतः ग्रामीण स्त्रीचे, कष्ट हलके केले. ही गोष्ट सर्वस्वी स्वागतार्ह होय. पुन्हा जात्याकडे वळा, असे कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. परंतु श्रम कमी होत असतानाच ताटातला भात, मैदा, तेल आणि साखर वाढत गेली. या दोन्ही बदलांचा एकत्रित परिणाम आता आपल्या आरोग्यावर दिसू लागला आहे, आणि त्याचे सर्वांत ठळक रूप म्हणजे मधुमेह.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने २००८ ते २०२० या काळात देशभर एक विस्तृत पाहणी करण्यात आली. तिच्यात वीस वर्षांवरील १ लाख १३ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख प्रौढांना मधुमेह आहे. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. आपल्या शेजारच्या गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, निघाले. याहून विचार करायला लावणारी बाब पुढेच आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख असून तिचे प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळजवळ सारखेच आहे. हा श्रीमंतांचा किंवा शहरवासीयांचा आजार आहे, ही समजूत आता टिकणारी नाही.

व्याधीचे स्वरूप

मधुमेहाची ओळख आपल्या वैद्यकशास्त्राला प्राचीन काळापासून आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत 'प्रमेह' या नावाने या विकाराचे विस्तृत विवेचन आले आहे. सुखासीन बैठक, अतिनिद्रा, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचे अतिसेवन ही त्याची कारणे चरकाचार्यांनी सांगितली आहेत. सुश्रुतसंहितेने निर्धन रुग्णाला शंभर योजने पायी चालण्याचा उपचार सांगितला आहे. आजचे शास्त्र वेगळ्या भाषेत बोलते. पण चालण्याचा सल्ला तेही देते.

आपण खाल्लेल्या अन्नातील पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोज या साखरेत रूपांतर होते. ही साखर रक्तातून स्नायूंपर्यंत आणि इतर पेशींपर्यंत पोहोचते. तिला पेशींत प्रवेश मिळवून देण्याचे काम स्वादुपिंडात तयार होणारे इन्शुलिन करते. पोटात, विशेषतः यकृताभोवती चरबी साठली आणि स्नायूंना काम उरले नाही की शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. मग स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन तयार करावे लागते. काही वर्षांनी ते थकते आणि रक्तातील साखर वाढू लागते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या यांची हानी या वाढलेल्या साखरेमुळे होते. हे सर्व इतके संथपणे घडते की रुग्णाला प्रथम काहीच जाणवत नाही. तहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ काळ गेलेला असतो.

या लेखात ज्याचा विचार केला आहे, तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होय. बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात. लहान मुलांत व तरुणांत सहसा आढळणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह हा शरीराच्या संरक्षक यंत्रणेने स्वतःच्याच स्वादुपिंडावर केलेल्या आघातामुळे होतो. तो खाण्यापिण्याच्या सवयींमुळे होत नाही आणि इन्शुलिनखेरीज त्याला उपाय नाही. अशा मुलांच्या आईवडिलांना दोष देणे अन्यायाचे आहे, हे शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

सडपातळ बांधा, पण...

काही महिन्यांपूर्वी एका गावातील आरोग्य शिबिराची माहिती घेण्यासाठी प्रस्तुत लेखक गेला होता. तेथे सत्तेचाळीस वर्षांचे एक प्राथमिक शिक्षक विद्यार्थ्यांच्या पालकांना रांगेत उभे करण्याचे काम मोठ्या उत्साहाने करीत होते. "गुरुजी, तुमचीही तपासणी करून घ्या," असे आरोग्यसेविकेने म्हणताच ते हसून म्हणाले, "ताई, माझ्या अंगावर मांस तरी आहे का? हा आजार जाड्या माणसांचा." तिने आग्रहच धरला, म्हणून त्यांनी बोट पुढे केले. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तपासणी झाली, तेव्हा साखर ११८ निघाली. गुरुजी उंबरठ्यावर उभे होते आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

गुरुजींची समजूत चुकीची का, याचे उत्तर पुण्यातच मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही सारखाच, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक असते, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट झाले.

याचे मूळ जन्माच्याही आधी शोधावे लागते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास या संशोधकांनी १९९३ पासून सुरू केला. या मातांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन अवघे ४२ किलो होते. त्यांच्या नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. पुण्याकडची बालके लहानखुरी होती, त्यांचे स्नायू आणि अवयवही लहान होते. पण त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी बरीचशी राखली होती. गर्भात अन्नाची टंचाई भासली की शरीर काटकसर शिकते. पुढे अशा शरीराला मुबलक अन्न आणि अल्प श्रम मिळाले, तर तीच काटकसर अंगाशी येते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात पडलेल्या दुष्काळाच्या वेळी जी मुले आईच्या गर्भात होती, त्यांच्यात पन्नाशीच्या सुमारास साखर पचविण्याची शक्ती कमी झालेली आढळली, ती याच कारणाने. तो निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. तरीही १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत, याचा विसर पडू नये. टंचाईत घडलेले शरीर आणि सुबत्तेतले राहणीमान यांचा मेळ घालणे, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

प्रतिबंध शक्य आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये उंबरठ्यावरील ५७७ व्यक्तींवर एक प्रयोग सुरू झाला. ज्यांना आहार आणि व्यायाम यांचे मार्गदर्शन सहा वर्षे मिळाले, त्यांचा मधुमेह इतरांच्या तुलनेने सरासरी सुमारे चार वर्षांनी लांबला. त्यांच्यातील हृदयविकाराचे प्रमाण कमी राहिले आणि तीस वर्षांनंतरच्या पाहणीत त्यांचे आयुर्मानही किंचित अधिक आढळले.

आपल्या दृष्टीने चेन्नईचा प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो भारतीय माणसांवर, भारतीय आहार घेणाऱ्यांवर झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ जणांचा समावेश होता. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत शंभरांमागे ५५ जणांना मधुमेह झाला. दररोज किमान अर्धा तास चालणे, साखर टाळणे, मैदा व स्निग्ध पदार्थ कमी करणे आणि तंतुमय अन्न वाढविणे एवढे पथ्य पाळणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ वर आले. विशेष म्हणजे या गटाच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालेली नव्हती. वजनाचा काटा हलला नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

आपला धोका आपणच मोजा

चेन्नईच्याच संशोधकांनी २००५ मध्ये एक सोपी गुणपद्धती तयार केली. तिला रक्ततपासणी लागत नाही. शिंप्याची टेप पुरते. वय ३५ पेक्षा कमी असल्यास शून्य, ३५ ते ४९ असल्यास २० आणि ५० किंवा अधिक असल्यास ३० गुण. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास शून्य, ९० ते ९९ असल्यास १० आणि १०० किंवा अधिक असल्यास २० गुण. स्त्रियांसाठी हेच टप्पे ८० पेक्षा कमी, ८० ते ८९ आणि ९० पासून पुढे असे आहेत. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचे काम ही दोन्ही असतील तर शून्य, दोहोंपैकी एक असेल तर २० आणि दोन्ही नसतील तर ३० गुण. आई किंवा वडील यांपैकी एकाला मधुमेह असल्यास १०, दोघांनाही असल्यास २० गुण. बेरीज ६० किंवा त्याहून अधिक झाली तर धोका मोठा समजावा.

वर उल्लेखिलेल्या गुरुजींचा हिशेब पाहावा. वयाचे २०, कंबर ९२ सेंटिमीटर म्हणून १०, शाळेत जाणे-येणे मोटारसायकलवर आणि व्यायाम नाही म्हणून ३०, आईला मधुमेह होता म्हणून १०, एकूण ७०. वजनकाट्याने जे सांगितले नाही, ते टेपेने सांगितले.

गुण अधिक निघाल्यास रक्ततपासणी करून घेणे अगत्याचे आहे. उपाशीपोटी साखर दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती सामान्य होय. १०० ते १२५ ही उंबरठ्याची पातळी, तर १२६ किंवा अधिक आढळल्यास आणि फेरतपासणीत तेच दिसल्यास मधुमेह समजावा. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी आरोग्य उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत केली जाते. ही केंद्रे आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' या नावानेही ओळखली जातात. ज्या स्त्रियांना गर्भारपणात मधुमेह झाला होता, त्यांनी बाळंतपणानंतर साखर उतरली तरी वेळोवेळी तपासणी चालू ठेवावी. त्यांना पुढे मधुमेह होण्याचा संभव बराच अधिक असतो.

ताटाची फेरमांडणी

आपल्या परंपरागत ताटात डावी बाजू आणि उजवी बाजू अशी योजना होती. डावीकडे कोशिंबीर व चटणी, उजवीकडे भाजी, आमटी, उसळ आणि मध्ये भात किंवा भाकरी. कालांतराने डाव्या-उजव्या बाजू आक्रसल्या आणि मधला भाग पसरला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आहारपाहणीनुसार भारतीयांना मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. केवळ तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य खाल्ल्याने धोका कमी होत नाही; पिष्टाचा एकूण वाटा घटवून त्या जागी डाळी, कडधान्ये, दूध-दही यांतील प्रथिने आणली, तर तो कमी होतो, असेही या पाहणीतून दिसून आले. ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये तंतुमय आणि पौष्टिक आहेत यात शंका नाही. पण भाकरी आहे म्हणून चार खाव्यात, असा त्याचा अर्थ नव्हे. दोन भाकरी, वाटीभर उसळ आणि ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीने भरलेला, हे प्रमाण साधारणतः योग्य ठरेल. श्रमाचे काम करणाऱ्याने आपल्या कष्टाच्या मानाने त्यात वाढ करावी.

साखरेचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा मांडावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला साधारण ५० ग्रॅमपेक्षा कमी असावे, आणि शक्यतो २५ ग्रॅमपर्यंतच ठेवावे. एका कप चहात दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर पडते. कार्यालयात दिवसभरात पाच कप चहा झाला की ५० ग्रॅमची मर्यादा चहातच संपली. बिस्किटे, शीतपेय आणि कोणाच्या तरी बढतीचे पेढे यांचा हिशेब वेगळाच. गूळ किंवा मध वापरला म्हणून ही बेरीज बदलत नाही.

उपवासाविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. साबुदाणा आणि बटाटा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट होत. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रूढ केली नाही. उपवास करावयाचाच असेल तर वरी, शेंगदाणे, ताक, राजगिरा आणि फळ यांचा माफक आहार बरा.

शतपावली ते श्रमदान

आठवड्यातून किमान १५० मिनिटे, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस प्रत्येकी अर्धा तास, झपझप चालणे हे आजच्या शास्त्राचे मान्य प्रमाण आहे. बोलता येते पण गाता येत नाही, एवढा वेग असावा. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर वापरतो, हे चालण्यामागचे इंगित होय. त्यामुळे जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली करण्याची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. याखेरीज स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा करावा. सूर्यनमस्कार, बैठका किंवा शेतातली कुदळ यांपैकी जे जमेल ते चालेल. चरबी अधिक आणि स्नायू कमी, ही आपली मूळ अडचण असल्याने याचे महत्त्व विशेष आहे.

रात्रीची सहा-सात तासांची झोपही याच पथ्यात मोडते. अपुरी झोप भूक वाढविते आणि इन्शुलिनचा परिणाम घटविते. धूम्रपानाने मधुमेहाचा धोका वाढतो. आणि मधुमेह जडलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांना तंबाखू अधिकच घातक ठरते.

काही गैरसमज

कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांचे चूर्ण यांवर अनेकांची श्रद्धा असते. कारले आणि मेथी या उत्तम भाज्या आहेत. त्या ताटात अवश्य असाव्यात. मात्र औषध चालू असलेल्या रुग्णाने ते बंद करून केवळ रसांवर आणि चूर्णांवर विसंबणे धोक्याचे आहे. नैसर्गिक मार्गाने मधुमेह टाळणे म्हणजे औषध टाळणे नव्हे. औषधाची वेळ येऊच नये म्हणून आधी घ्यावयाची ही काळजी आहे. सर्व पथ्ये पाळूनही काहींना मधुमेह होतो. अनुवंश आपल्या हाती नसतो. अशा वेळी कमीपणा न मानता उपचार सुरू करावेत.

सामूहिक प्रयत्नांची दिशा

सवयी व्यक्तीच्या असल्या, तरी त्या सभोवतालच्या व्यवस्थेवर अवलंबून असतात. म्हणून केवळ उपदेशाने हे काम होणार नाही. कार्यालयप्रमुखांनी बैठकांतील चहा बिनसाखरेचा ठेवून साखर वेगळी द्यावी आणि फरसाणाऐवजी भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवावेत. यास कोणत्याही स्वतंत्र मंजुरीची गरज नाही. शिक्षकांनी खेळाचा तास अन्य विषयांना उसना देऊ नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दर्शविणारे फलक लावण्याच्या सूचना दिल्या. तसा फलक कोणत्याही शाळेत मुलांच्याच हातून तयार करता येईल. कोणत्या बाटलीत किती चमचे साखर आहे, हे वेष्टणावरून काढणे हा गणिताचाही चांगला पाठ ठरेल.

ग्रामपंचायतींना याहून अधिक करता येईल. गावाबाहेरच्या एखाद्या रस्त्याच्या कडेला सावली आणि दिवे असतील, तर स्त्रियाही संध्याकाळी निर्धास्तपणे चालू शकतील. ग्रामसभेच्या दिवशी आशा कार्यकर्तीच्या मदतीने तीस वर्षांवरील सर्वांची कंबर मोजून गुणांची यादी करावी आणि अधिक गुण असलेल्यांना तपासणीसाठी पाठवावे.

परंतु सर्वांत दूरगामी काम गावातील मुलींच्या आणि गर्भवतींच्या ताटात आहे. पुण्याजवळच्या त्याच खेड्यांत ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बालके अधिक चांगल्या वजनाची जन्मली. घरातील पुरुष जेवल्यावर उरलेसुरले खाणारी सून आणि तिच्या पोटातील बाळाला चाळिशीत होणारा मधुमेह, यांत अंतर वाटते तेवढे नाही. अंगणवाडीतील पोषण आहार वेळेवर मिळतो की नाही, मुलींची लग्ने अठरा वर्षांपूर्वी होतात काय, हे पाहणारा पंचायत सदस्य एका अर्थाने पुढच्या पिढीचा मधुमेहच रोखत असतो.

शिबिरातले ते गुरुजी आता शाळेत चालत जातात. दोन किलोमीटरची वाट आहे. मुलेही त्यांच्याबरोबर चालतात. चहातली साखर त्यांनी अर्ध्यावर आणली आहे. चार महिन्यांनी झालेल्या तपासणीत साखर १०४ निघाली. अजून ते उंबरठ्यावरच आहेत. पण त्यांनी पाय मागे घेतला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने आज घरी जाऊन एक टेप घ्यावी, कंबर मोजावी आणि गुणांची बेरीज करावी. तेवढ्याने सुरुवात होईल.